एसी गळतोय

आमच्या एसीनं पहिल्यांदा भिंतीवरून पाणी सोडलं तेव्हा मी सरळ वरच्या मजल्यावर संशय घेतला होता. मग दिसलं की धार आपल्याच घरातली आहे, मग खाली बादली, बादलीभोवती फडकं आणि मेकॅनिकला फोन. तो आला, वर बघितलं न बघितलंसं केलं आणि म्हणाला गॅस संपलाय. मी मुकाट्यानं भरून घेतला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी परत टप टप टप.

आता कळतं की एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो गोल गोल फिरत असतो. कमी झालाच तर कुठूनतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आमच्याकडे तर लीकही नव्हता, त्यामुळे त्या माणसानं त्या दिवशी नक्की काय भरलं ते देव जाणे. खरा गुन्हेगार मीच. कव्हर उघडलं तर फिल्टरच्या जाळीवर धुळीची अक्षरशः गोधडी. हवाच आत जाईना म्हणून कॉइल (हवा गार करणारं नळ्यांचं वेटोळं, हवेतला ओलावा त्याच्यावरच पाणी होऊन जमतो) गार पडत पडत तिच्यावर बर्फ धरायचा, एसी बंद केला की तो वितळायचा, आणि ड्रेन पाइपमध्ये बुळबुळीत घाण अडकलेली, मग पाणी जाणार कुठे, येणार आमच्या अंगावरच. तेव्हापासून ऐन उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी मेन स्विच बंद करून जाळी नळाखाली धरतो. दहा मिनिटांचं काम, पण आळस बघा, अजूनही घरच्यांना आठवण करावी लागते.

गंमत म्हणजे पाणी काढणं हे या यंत्राचं मूळ काम. 1902 साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा आणि रंग जागेवर बसत नसत, म्हणून विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनियरनं हवेतला ओलावा आवरणारी यंत्रणा आखून दिली. म्हणजे पहिली काळजी कागदाची, आपला नंबर नंतर.

आणि एसीचं हे पाणी काढायचं काम डोक्यात नसतं म्हणून खरेदीला आपण फसतो. "दीड कशाला, दोन टनच घ्या" असं कुणीतरी म्हणतंच, आणि मोठं ते चांगलं असं आपल्यालाही वाटतंच. हा टन वजनाचा नाही बरं का, बर्फाचा आहे. 2000 पौंड बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो तेवढी, म्हणजे ताशी 12000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण साडेतीन किलोवॅट. लहान खोलीत भलामोठा साधा एसी लावला की तो पटकन खोली गार करून गप्प बसतो, पाणी ओढायला पुरेसा चालतच नाही, आणि आपण गार पण चिकट हवेत चादर घ्यावी का काढावी या विचारात पडून राहतो. इन्व्हर्टर एसी बंद न पडता वेग कमी करून चालत राहतो म्हणून जरा बरा, पण त्यालाही एका मर्यादेखाली उतरता येत नाही. त्यापेक्षा वर तापणारी गच्ची आहे का, पश्चिमेची भिंत किती, हे आधी बघावं. कोरडी हवा असेल तर मी कूलरच घेईन. दमट हवेत मात्र कूलर म्हणजे घामात अजून पाणी.

यंदा जुना काढून हॉट अँड कोल्ड, म्हणजे थंडीत खोली गरमही करणारा एसी घेतला. जिथे थंडी जेमतेमच पडते तिथे वेगळा हीटर कशाला? हीटर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता देतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, म्हणून सौम्य थंडीत एका युनिटला तीनेक युनिट उष्णता सहज मिळते. आत एक व्हॉल्व्ह फिरतो आणि गॅस उलट्या दिशेनं वाहतो, बस्स.

पहिल्या थंडीत चालू केला आणि बघतो तर आता बाहेरचं युनिट गळतंय! सवयीनं फोन हातात घेतलाच होता, मग ट्यूब पेटली की आता गार कॉइल बाहेर आहे, तर पाणी पण बाहेरच. फोन ठेवला आणि तीच जुनी बादली बाहेर नेऊन ठेवली.