आमची वाटचाल : शुक्रवारचा निर्णय, रविवारची घड्याळे

भारतात घड्याळ उन्हाळ्यात पुढे आणि हिवाळ्यात मागे करावे लागत नाही, त्यामुळे आमचा धंदा नेमका काय आहे, हे पुण्यातल्या माणसाला पटवून देण्यातच आमची पहिली काही वर्षे गेली. कामाच्या पाळ्या आणि कर्मचाऱ्यांच्या बसफेऱ्या यांचे वेळापत्रक बांधणारी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, आम्ही विकतो, आणि तिच्या पोटात जगातल्या टाइमझोनांचा, म्हणजे कुठले घड्याळ कधी पुढे-मागे होते याचा, तक्ता असतो. हा तक्ता आमचा नव्हे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला, आणि तो सर्वांना मोफत मिळतो. तो वेळेवर उतरवून घेणे, तपासणे आणि ग्राहकाच्या यंत्रापर्यंत पोचवणे एवढेच आमचे काम. ‘फुकटच्या वस्तूची वार्षिक देखभाल कसली लावता?’ असे मला आजही विचारले जाते. पाणी नदीचे असले तरी नळ कोणीतरी जोडावा लागतो, असे मी सांगतो, पटते क्वचितच.

एका मित्राच्या भागीदारीत 2011 साली कर्वेनगरच्या दोन खोल्यांत आम्ही सुरुवात केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने जुन्या वेळांच्या माहितीवर हक्क सांगून ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा लावला. ज्या सर्व्हरवरून आम्ही तक्ता घेत होतो, तो ऑक्टोबरात एका सकाळी बंद दिसला. आठवडाभरात इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या इकान या संस्थेने ती जबाबदारी उचलली आणि फेब्रुवारी 2012 मध्ये दावाही मागे घेतला गेला. पत्रिकावाल्यांना जुनी वेळ का लागते, हे मात्र आमच्या घरी कोणाला समजावावे लागले नाही. मुंबईत प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत रेंगाळला होता, आणि आमच्या आत्याची पत्रिका त्यामुळेच दोनदा मांडावी लागली होती.

आमचा पहिला मोठा ग्राहक म्हणजे मूळचे सांगलीचे, दुबईत हॉटेल-कर्मचाऱ्यांच्या बसफेऱ्यांचे काम घेणारे एक गृहस्थ. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. जुलै 2016 मध्ये इजिप्तने 7 तारखेपासून घड्याळ पुढे करण्याचा बेत ऐनवेळी रद्द केला, तेव्हा आमचा नवा तक्ता कैरोतील त्यांच्या कार्यालयात दोन दिवस उशिरा पोचला. आप्पा फोनवर एवढेच म्हणाले, “पोरांनो, चूक तिकडच्या सरकारची आहे, पण माझी बस चुकीच्या वेळी उभी राहिली हेही खरेच ना?” बिलाचे पैसे त्यांनी नेहमीप्रमाणे महिनाअखेरीस पाठवले.

खरा दणका बसला तो 26 ऑक्टोबर 2018 रोजी, शुक्रवारी. रविवारी पहाटे मोरोक्कोतील घड्याळे तासभर मागे जाणार होती. ती आता मागे न्यायची नाहीत, असे तिथल्या सरकारने त्या दिवशी ठरवले. हातात दोन दिवस. मूळ तक्त्याची 2018जी ही आवृत्ती त्याच दिवशी निघाली. आम्ही झिक या प्रोग्रॅमने तक्ता यंत्राला वाचता येईल असा बांधला, झेडडम्प या दुसऱ्या प्रोग्रॅमने जुन्या-नव्या तक्त्यांतील सारे घड्याळबदल छापून, फरक दाखवणाऱ्या डिफने शेजारी ठेवले, आणि शनिवारी दुपारी नवी लायब्ररी तयार केली. पण कासाब्लांकातील कॉल सेंटरना बसगाड्या पुरवणाऱ्या आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने, शनिवार-रविवारी सर्व्हरला हात लावायचा नाही या नियमावर बोट ठेवून ती बसवलीच नाही. जुन्या तक्त्याच्या हिशेबाने तिथली वेळ ग्रिनिचइतकी झाली, प्रत्यक्षात ती एक तास पुढेच राहिली, आणि सोमवारी नऊच्या पाळीच्या बसगाड्या दहाला पोचल्या.

त्यात आमचाही दोष होता, हे मी लिहून ठेवतो. तक्ता आम्ही लायब्ररीच्या कोडमध्येच गोठवला होता. एका देशाचा एक नियम बदलला तरी ग्राहकाला संपूर्ण नवी आवृत्ती घेऊन सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे. पण आम्ही शनिवारीच पाठवलेल्या दुरुस्तीचा उल्लेखही न करता त्या ग्राहकाने सात महिन्यांची थकबाकी रोखली आणि करार मोडला. आमच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग तिथूनच येत होता. पगारासाठी मी घर गहाण टाकले. भागीदार मार्चमध्ये बाहेर पडला आणि वर्षभरात त्याच ग्राहकाचे काम घेऊन स्वतःची कंपनी थाटून बसला. त्याच्या माहितीपत्रकावर ‘वेळ आपोआप अद्ययावत’ अशी ओळ होती.

पुढची चार वर्षे आम्ही तक्ता कोडमधून बाहेर काढून स्वतंत्र फाइलमध्ये नेण्यात आणि कर्ज फेडण्यात घालवली. त्या फाइलवर ग्राहकाला आपला नियम लावता यावा म्हणून एक छोटी ‘चिठ्ठी’ ठेवण्याची सोय केली, तेव्हा आमच्याच कार्यालयातल्या मुलांना ती वाया घालवलेली मेहनत वाटली होती.

मार्च 2023 मध्ये लेबनॉनच्या सरकारने, घड्याळ पुढे करायला दोन-तीन दिवस उरले असताना, तो बदल रमजान संपेपर्यंत लांबवला. 23 तारखेला तक्त्याची 2023बी ही आवृत्ती निघाली. पण तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या मॅरोनाइट चर्चने आणि काही वाहिन्यांनी तो आदेश मानला नाही, आणि देशात दोन वेळा चालू झाल्या. ‘आपोआप अद्ययावत’ होणाऱ्यांनी 2023बी डोळे मिटून बसवली. आप्पांचे बैरूतमधील हॉटेल जुन्या नियमाप्रमाणे घड्याळ पुढे करणाऱ्यांपैकी होते. आम्ही त्यांच्यासाठी चार ओळींची चिठ्ठी लिहिली, आणि एकही बस चुकली नाही. 27 तारखेला सरकारने निर्णय फिरवला, 28 ला 2023सी निघाली आणि तक्ता परत 2023एसारखा झाला. आम्ही फक्त चिठ्ठी पुसली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी विचारले नसले तरी सांगतो. पुढच्या महिन्यातली बैठक ग्रिनिच वेळेत साठवू नका; स्थानिक वेळ आणि झोनचे पूर्ण नाव (‘एशिया/कोलकाता’सारखे) साठवा, कारण मधल्या काळात सरकार नियम बदलते आणि तुमचा आकडा जिथल्या तिथे राहतो. ‘आयएसटी’ लिहू नका; ती अक्षरे भारताची, आयर्लंडची आणि इस्रायलची. ‘एशिया/कलकत्ता’ दिसले तर ते ‘एशिया/कोलकाता’चेच जुने नाव समजा, चूक म्हणून फेकू नका.

कासाब्लांकाची ती थकबाकी अजून आमच्या खातेवहीत येणे रकमेत दिसते. आमच्या सीएंनी ती बुडीत खात्यात टाकण्याचा सल्ला दोनदा दिला आहे. मी ती टाकलेली नाही.