रुक्मावतीच्या काठावर

कच्छच्या मांडवीला आलो होतो समुद्र आणि दाबेलीसाठी. (दाबेली मूळची इथलीच, हे आज कळलं. इतकी वर्षं नुसतीच खात होतो!) पण अख्खी दुपार गेली रुक्मावती नदीच्या काठावर. तिथे उघड्यावर लाकडी जहाजं बांधतात. तीन-चार मजली घराएवढा सांगाडा, खाली टेकू, आणि सगळा आराखडा मिस्त्रीच्या डोक्यात.

एक चाचा फळ्यांच्या फटीत कापसाची वळलेली दोरी छिन्नी-हातोडीने ठोकून बसवत होते. टक, टक, टक. मग बोट फिरवून बघायचं, पुन्हा टक. "लाकूड पाण्यात फुगतं, फट आपोआप बंद होते," म्हणाले. मुलगा काय करतो विचारलं. "मोबाइलचं दुकान."

शीड मात्र एकावरही दिसलं नाही. एके काळी इथल्या कोटिया, म्हणजे शिडाची मोठी लाकडी जहाजं, वाऱ्यावर आफ्रिकेला जायच्या. आता सगळा डिझेलचा कारभार.

म्हणून मला नौदलाच्या 'कौंडिण्य'चं फार अप्रूप. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बेतलेलं, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेलं शिडाचं जहाज. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. ते जमलं, कारण केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांना अजून ती शिवण येत होती. दोरी किती ताणायची, हे संग्रहालयातल्या काचेमागच्या मॉडेलला कुठे विचारणार?

निघताना चाचांनी कापसाचा एक तुकडा हातावर ठेवला. खिशाला अजून तेलाचा वास येतोय. बायको ओरडणार आहे.