फाइव्ह स्टारचा माल आमच्या टेबलावर

आमच्या दुकानात काउंटरच्या मागं एक पाटी आहे. ‘ऑनलाइन घेतलेली वस्तू उघडून तपासून मिळेल. ५० रुपये. निघेल ते सांगू.’ शेवटचं वाक्य पेंटरनं त्याच्या मनानं घातलं. मी म्हटलं, राहू दे.

दुकान परभणीत, स्टेशन रोडच्या एका बोळात, दहा बाय बाराचं. औरंगाबादला एका उस्तादांच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि १९९६ ला इथं शटर उघडलं. तेव्हा टेपरेकॉर्डर अन् ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. हेड साफ करा, बेल्ट बदला, टीव्हीतला एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर बदला. मग कलर टीव्ही आला, मग डिश, मग मोबाइल. एवढी कथा कुठल्याही रिपेअरवाल्याची असते, म्हणून ती इथंच सोडतो. आमचं वेगळं काही सुरू झालं ते २०१५ च्या सुमाराला, पार्सलवालं पोरगं बोळात रोज दिसायला लागलं तेव्हा.

आधी मला रागच यायचा. माणूस हेडफोन, ट्रिमर, चार्जिंगचा बल्ब असलं काहीतरी घेऊन यायचा आणि मी न बघताच म्हणायचो, ‘जिथून घेतलं तिथं न्या.’ गिऱ्हाईक जायचं ते जायचंच. पुढं घरचा मिक्सर बिघडला तरी दुसऱ्याकडं न्यायचं. एक दिवस बायको डबा घेऊन दुकानात आली होती. तिनं हे ऐकलं अन् म्हणाली, ‘ऑनलाइनवाल्याचा राग ह्यांच्यावर कामून काढायलाव?’ तेव्हापासून समोर येईल ते उघडून बघायला लागलो. उघडायला लागलो आणि एकेक गंमत कळायला लागली.

दसरा झाला की गंगाखेडकडची माणसं ऊसतोडीला निघतात. असंच एक जोडपं २०१७ ला आलं. ट्रॅक्टर परवा निघणार होता. सहा महिने कारखान्यावर, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. पोरगं शाळेसाठी गावी आजीजवळ राहणार, त्याच्याशी बोलायला मोबाइल चालू पाहिजे, म्हणून त्याच पोरानं पॉवर बँक मागवून दिली होती. डब्यावर लिहिलं होतं पन्नास हजार एमएएच, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप. किंमत सातशे नव्व्याण्णव.

‘मालक, पोरगं म्हणलं हजारो लोकानं चांगलं लिवलंय. एक डाव बी मोबाइल भरंना गेलाय.’

सांध्यावरून ब्लेड फिरवली, झाकण उचकटलं. आत दोनच सेल. वरचं प्लास्टिक नवं, निळंशार, पण एका टोकाला आधीच्या वेल्डिंगच्या पत्रीचा तुकडा तसाच चिकटलेला. म्हणजे कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सोलून काढलेले सेल. आणि बाजूला गमनं चिकटवलेली एक पांढरी पिशवी, चहापत्तीच्या छोट्या पुडीएवढी. त्या बाईनं बोटानं दाबून पाहिली. म्हणाली, ‘वाळू हाय का?’ वाळूच होती. हातात घेतल्यावर माल जड लागावा म्हणून.

त्यातला हिशेब साधा आहे. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब असा तो गोल सेल असतो, आम्ही त्याला अठरा-सहाशे पन्नास म्हणतो. अगदी उत्तम कंपनीचा घेतला तरी त्यात साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच मावतं, आणि एकाचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या वर जातं. पन्नास हजार भरायचे तर असे चौदा-पंधरा सेल लागतील, नुसत्या सेलांचंच वजन साडेसहाशे ग्रॅम होईल. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर तो डबा ठेवला. वाळूसकट दोनशे चाळीस ग्रॅम. त्या जोडप्याला दुकानातली दहा हजार एमएएचवाली दिली, पैसे त्यांनी तोडीसाठी आगाऊ मिळालेल्या उचलीतून तिथंच मोजले. जाताना बाईनं वाळूची पिशवीही मागून घेतली. पोराला दाखवायची म्हणाली.

रात्री शटर अर्धं ओढून भाच्याला म्हटलं, ते हजारो लोक काय म्हणतात ते वाच बरं. भाचा वाचत गेला आणि मधेच हसायला लागला. ‘मामा, इथं लिहिलंय, झाकण घट्ट आहे, पाणी दिवसभर गार राहतं.’ पान पॉवर बँकेचं आणि तारीफ पाण्याच्या बाटलीची! मग उलगडा झाला. कुणीतरी आधी त्याच पानावर बाटली विकली, स्टार गोळा केले, मग फोटो आणि नाव बदलून तिथं पॉवर बँक लावली. स्टार जुने, माल नवा. वरचा आकडा बघून बटण दाबणाऱ्याला हे कुठून दिसणार?

बाकीचे अभिप्राय मात्र खोटे नव्हते, आणि मला जास्त विचार करायला लावला तो त्यांनीच. ‘आत्ताच पार्सल मिळालं, पॅकिंग मस्त.’ ‘डिलिव्हरीवाला भाऊ चांगला.’ ‘अजून वापरलं नाही, दिसायला छान आहे.’ ही माणसं खरंच बोलत होती, फक्त नव्याचे नऊ दिवस सरायच्या आत बोलत होती. वस्तू आमच्या टेबलावर येते ती चौथ्या महिन्यात. तोवर स्टार देऊन झालेले असतात आणि परत जाऊन ते बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

शिवाय ते लिहिणारे राहतात कुठं, हाही प्रश्न आहेच. मोठ्या शहरात एसीच्या खोलीत भिंतीवर लावलेला चार्जर आणि आमच्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसमध्ये पत्र्याखाली लावलेला चार्जर एक नाही. लिथियमची बॅटरी उन्हानं लवकर खचते, फुगते. रब्बीत मोटारी चालू झाल्या की खेड्यावर व्होल्टेज दीडशे-एकशे साठवर येतं, आणि पंप बंद झाले की एकदम वर उसळी. स्वस्तातला एलईडी टीव्ही पहिल्यांदा मरतो तो त्या उसळीनं. पॉवर सप्लायचं कपॅसिटर फुगलेलं असतं, वीस रुपयांचा पार्ट. त्या टीव्हीला पुण्यातल्या माणसानं दिलेले पाच स्टार खरे असतील, पण आमच्या पेडगावच्या विजेच्या लाइनवर त्यांचा काय उपयोग?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. चांगल्या कंपनीच्या दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेला लोक एक स्टार देतात, ‘फोनची बॅटरी चार हजारची आहे, दोनदासुद्धा पूर्ण भरत नाही, फसवणूक.’ ती फसवणूक नसते. आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, फोनला जातात पाच व्होल्ट. ३.७ चे पाच करताना कागदावरच ७,४०० उरतात, वर थोडी वीज उष्णतेत जाते. बाहेर सहा-साडेसहा हजार मिळाले की माल नीट समजायचा. बिचाऱ्या कंपनीला शिव्या, अन् वाळूवाल्याला स्टार.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगायची नाही असं बायकोचं मत होतं.

२०१८ ला आम्ही फ्रिजचे स्टॅबिलायझर बनवायला लागलो. तांब्याचं वाइंडिंग, एक केव्हीएचा (किती भार पेलतो त्याचं माप), व्होल्टेज एकशे तीसपर्यंत उतरलं तरी चालणारा. दिवाळीपर्यंत दुकानातून साठेक गेले. भाचा म्हणाला ऑनलाइन टाकू. एका मोठ्या वेबसाइटवर टाकला. दोन महिन्यांत अकरा गेले आणि तीन अभिप्राय आले. त्यात एक स्टारवाला एक, कारण कुरिअरमध्ये खोकं चेपलं होतं. वेबसाइटवर आमच्या शेजारी दिसायचा तो अॅल्युमिनियमच्या तारेचा, आमच्यापेक्षा तीनशे रुपयांनी स्वस्त, आणि त्याला शेकड्यांनी स्टार.

मग एक फोन आला. समोरचा गोड बोलणारा. एका अभिप्रायाचे दीडशे, वीस घेतले तर अडीच हजारात. त्याच्या ग्रुपमधले लोक वस्तू मागवणार, आपण रिकामं खोकं पाठवायचं, त्यांचे पैसे आपण नंतर परत करायचे. खरेदी खरी दिसते, म्हणून अभिप्रायावर खात्रीचा शिक्काही बसतो. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी पैसे पाठवले. मनाची समजूत अशी घातली, की आपला माल तर चांगलाच आहे, चांगल्याला चांगलं म्हणवून घेतलं तर कुठं बिघडतं.

ऑर्डरी वाढल्या, हे खरं आहे. पहिल्या महिन्यात चाळीसच्या वर गेले. उन्हाळा लागला आणि एप्रिलमध्ये जिंतूरचे एक गुरुजी दुकानात आले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून आमचाच स्टॅबिलायझर काढला. वास आधी आला, जळालेल्या वार्निशचा. झाकण उघडलं तर वाइंडिंग कोळसा.

‘काय लावलं होतं गुरुजी?’

‘एसी. दीड टनाचा.’

‘अहो, हा फ्रिजचा! एसीला चार केव्हीए लागतो.’

गुरुजींनी शांतपणे चष्मा लावला, मोबाइल काढला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचून दाखवलं: ‘फ्रिज, कूलर, एसी सगळं ह्या एकावर चालतं. बेस्ट प्रॉडक्ट.’ खाली पाच स्टार. मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘हे मी लिहिलेलं नाही. तुमच्याच पानावर आहे.’

ते वाक्य मी विकत घेतलेलं होतं. एकशे पंचवीस रुपयांना पडलेलं. लिहिणाऱ्यानं आमचा स्टॅबिलायझर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याच्याकडं रिकामं खोकं गेलं होतं. त्यानं तारीफ करायची म्हणून केली. मी त्या वीस अभिप्रायांतला एकही नीट वाचला नव्हता, नुसता आकडा वर चढताना बघत होतो. गुरुजींना पूर्ण पैसे परत दिले, चार केव्हीएचा ऑर्डर करून मूळ भावात दिला. अभिप्राय काढायला गेलो तर विक्रेत्याला तो काढता येत नाही. शेवटी सगळं पानच बंद केलं. घराला आग लागली नाही, हे नशीब. तेवढ्यावर सुटलो.

पुढं २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहू नये असं स्पष्ट म्हटलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढलं. विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत असं त्यात आहे, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. मी केलं तेव्हा हा नियम नव्हता, असं म्हणून मला सुटता येईल. गुरुजींसमोर मात्र म्हणता आलं नसतं.

वही सुरू झाली ती गुरुजी आले त्याच आठवड्यात. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. येणाऱ्या प्रत्येक ऑनलाइन वस्तूची नोंद: काय, कधी घेतली, कधी बिघडली, गाव कुठलं, आत काय निघालं. पहिली नोंद आमच्याच स्टॅबिलायझरची. आता चौथी वही चालू आहे. सुरुवातीला ती माझ्यासाठीच होती, पार्ट कुठले मागवायचे ते कळावं म्हणून. मग लोकच विचारायला लागले. विद्यापीठातली पोरं येतात, ‘काका, हा इयरफोन घेऊ का, वहीत बघा ना.’ मी बघतो. वहीत आठ-दहा महिन्यांनी आलेला असेल तर म्हणतो घे, वीस दिवसांत आलेला असेल तर तारीख दाखवतो. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ म्हणतात, तर एक गिऱ्हाईक म्हणालं, आता जर्मनीवाल्यानंसुद्धा तुमची वही बघूनच माल घ्यावा.

धंदा त्यानं फार वाढला असं नाही. तपासणीचे पन्नास रुपये दिवसाकाठी पाच-सहा वेळा. पण तपासायला आलेला माणूस केबल घेतो, घरचा पंखा आणतो, आणि मुख्य म्हणजे रागानं जात नाही. तपासायची तीच ती कामं: काटा, मीटर, पेन ड्राइव्ह असेल तर त्यात खरोखर फाइली भरून परत वाचून बघायच्या. चारशे रुपयांत दोन टीबी म्हणून घेतलेल्यात बहुतेक वेळा आत छोटीच चिप असते. आकडा तेवढा वाढवून दाखवायला शिकवलेला. लग्नाचे फोटो भरत राहतात आणि जुन्यावर नवे चढत जातात. चार्जर, पॉवर बँक असेल तर मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आर-नंबर, त्यांच्या बीआयएस केअर अॅपवर घालून बघतो. डब्यात ‘फाइव्ह स्टार द्या, शंभर रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी निघाली तर ती वहीला पिनेनं लावतो. जाडजूड झालीय वही.

फसलेल्याला ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावून देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. पण आठशे रुपयांसाठी मजुरी बुडवून कोण जाणार? फोनवर मात्र बऱ्याच जणांचे पैसे परत आले.

आमच्या दुकानालाही नकाशावर स्टार आहेत बरं का. एकानं एक स्टार दिलाय, मी दुपारी जेवायला गेलो होतो म्हणून. भाचा परवा क्यूआर कोड छापून घेऊन आला, काउंटरवर चिकटवतो म्हणाला. ‘मामा, काम चांगलं केल्यावर स्टार मागायला काय लाज?’ मी म्हटलं, चिकटव, पण रिपेअर केल्याबरोबर कुणाला मागायचा नाही. तीन महिन्यांनी माणूस परत दिसला, वस्तू चालू असली, तर माग. त्यानं तोंड वाकडं केलं आणि कोड गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये आतून चिकटवला. आतापर्यंत चौघांना दाखवलाय. त्यातले एक म्हातारबाबा बोरीहून आले होते, रेडिओ चालू आहे हे सांगायला. त्यांचा मोबाइल बटनाचा निघाला.