ब्रेमेनमधला बॉम्ब आणि आजीची मूठभर उकडी

मागच्या गुरुवारी दुपारी पोलिसांनी दार वाजवलं. पलीकडच्या गल्लीत पाया खणताना दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला होता, तासाभरात घर सोडायचं होतं. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. १८ ऑगस्ट १९४४ च्या रात्री इथला बंदराकडचा पश्चिम भाग बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला. त्या काळातले काही बॉम्ब अजूनही जमिनीच्या पोटात आहेत.

आम्हाला एका शाळेच्या व्यायामशाळेत नेलं. माझ्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. मी भारतातली, गोव्याची, असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "गोव्यात कुठली?" मुरगावची म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एरेनफेल्स."

माझ्या अंगावर काटा आला. हे नाव मी आजीच्या तोंडून ऐकलेलं. ती 'येरनफेल' म्हणायची.

ज्यांना ही गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा समुद्रावर असलेली जर्मन मालवाहू जहाजं ब्रिटिश आरमाराच्या तावडीतून सुटण्यासाठी तटस्थ बंदरं गाठू लागली. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणून एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स मुरगावात येऊन थांबली. तिन्ही ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची. 'फेल्स' म्हणजे खडक. पुढे इटलीचं आन्फोराही तिथेच अडकलं. एरेनफेल्सवरच्या चोरट्या बिनतारी यंत्रातून जर्मन पाणबुड्यांना खबरा जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात उघड सैन्य घालता येईना. तेव्हा कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले, एरवी कचेऱ्या सांभाळणारे मध्यमवयीन गोरे 'फीबी' नावाच्या गाळवाहू बोटीतून आले आणि ९ मार्च १९४३ च्या पहाटे, ऐन कार्निव्हालच्या दिवसांत, एरेनफेल्सवर चढले. जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनीच ते बुडवलं. बाकीच्या जहाजांवरही आगी लागल्या. कप्तान मारला गेला. खरं काय घडलं ते जगाला १९७८ साली समजलं.

आजी तेव्हा दहा वर्षांची. बंदराच्या वरच्या चढावर त्यांचं घर, पणजोबा धक्क्यावर हमाली करायचे. मी लहानपणी पुन्हा पुन्हा विचारायचे, "आजी, आग केवढी होती गो?" ती एका वाक्यात उरकायची, "आभाळ तांबडं झालं होतं." आणि लगेच तांदळाकडे वळायची.

मला तेव्हा राग यायचा. जहाजं जळताना जिने डोळ्यांनी पाहिली ती तांदळाचं काय सांगत बसते? पण आजीचं युद्ध तांदळाचंच होतं. गोव्यात पिकणारं भात वर्षभर पुरत नसे, उरलेली भूक रंगूनचा तांदूळ भागवायचा. ८ मार्च १९४२ ला रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि तो तांदूळ थांबला. जहाजं जळाली त्याच्या बरोबर एक वर्ष आणि एक दिवस आधी. आजीच्या घरी दोन वेळच्या भाताची एक वेळची पेज झाली. पेजेत शितं कमी, पाणी जास्त, सोबत खारातली तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कोवळी कैरी. रात्री कणगांचे कंद उकडायचे. रॉकेल मिळेना म्हणून खोबरेल तेलाची पणती, तीही जेवण होईपर्यंतच.

आजीच्या आईने त्या दिवसांत एक नियम घातला. शेराने उकडे तांदूळ मोजून घ्यायचे, बोटाने वरून सपाट करायचे आणि त्यातली एक मूठ परत मडक्यात टाकायची. आठवड्याला सात मुठी म्हणजे एका दिवसाची पेज. आजीने हा नियम आयुष्यभर पाळला, रेशनवर पोत्याने तांदूळ मिळू लागल्यावरही. मरणाच्या आदल्या वर्षी तिचे हात थरथरायचे, मूठ मडक्यापर्यंत जाईतो निम्मी सांडायची. मग ती खाली बसून एकेक दाणा वेचायची. कुणाला हात लावू द्यायची नाही.

आपल्याकडे त्या हल्ल्याची गोष्ट शौर्यकथेसारखी सांगतात. सांगावी, घडलं ते थरारक होतंच. पण गोव्याचं महायुद्ध म्हणजे तेवढी एक रात्र, हे मला पटत नाही. ब्रिटिश बोटींवर चाकरीला असलेल्या तारवटींच्या, म्हणजे गोव्याच्या खलाशांच्या, पत्रांची वाट पाहणारी घरं, ब्रह्मदेशातून सगळं सोडून पायी परतलेली माणसं, ओकीबोकी मडकी, हे सगळं युद्धच होतं.

त्या बाईंना मी मुठीचं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचे वडील हान्साच्या बोटींवर होते, एरेनफेल्सवरची माणसं त्यांच्या ओळखीची. स्वतः त्यांना आठवतो तो युद्धानंतरचा १९४६-४७ चा हिवाळा. त्यांची आई बटाट्यांच्या साली धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवायची. "डबा निळा होता," त्या म्हणाल्या, "झाकण घट्ट बसायचं नाही."

रात्री साडेनऊला बॉम्ब निकामी झाल्याचं सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, ती जहाजं उभी होती ते पाणी आता कसं दिसतं? डिसेंबरात घरी येईन तेव्हा चढावरून फोटो काढून पाठवीन, असं कबूल केलंय.

घरी आल्यावर भात लावला. आईला फोन करून विचारलं, आजीचा शेर आहे का गं अजून? आहे म्हणाली. देवघराखालच्या फडताळात, तांदूळ भरलेला.