चित्रातल्या माणसांसाठी जीव का तुटतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोथरूडला आमच्या सोसायटीतली मुलं सुट्टीत माझ्याकडे गेम खेळायला येतात, आणि त्यांना न्यायला आलेले आईवडील दारातच हमखास विचारतात, "काकू, ही कार्टून काय, गेम काय, सगळं खोटंच ना? मग तुमचा जीव त्यात एवढा कसा गुंततो?" विचारण्यात खोच नसते, खरंच कुतूहल असतं. पण चपला घालता घालता ऐकण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

खरं म्हणजे पुणेकराने हे विचारावं याचंच मला नवल वाटतं. गणपतीत पेठांमधले हलते देखावे बघायला आपण पोराबाळांना घेऊन रात्री उशिरापर्यंत फिरतो. पुतळ्याचा हात मोटरवर वरखाली होतो, संवाद स्पीकरवरून येतात, एखाद्या मावळ्याची मान मधेच अडकतेसुद्धा. तरी शाहिस्तेखानाची बोटं तुटायची वेळ आली की खांद्यावरची पोरं आणि खालचे बाप सारखेच गप्प होतात. कीर्तनाला बसलेल्यांना हरिश्चंद्राचं आख्यान पाठ असतं, पण बुवा रोहिदासाच्या सर्पदंशापाशी आले की पदर डोळ्यांना लागतोच. समोरचं खरं नाही हे ठाऊक असणं आणि जीव गुंतणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे पूर्वीपासून सुखाने एकत्र नांदतात.

आता चित्रांचं. कॅमेऱ्यासमोर नट उभा राहिला की त्याची पापणी लवते, श्वासाबरोबर खांदे हलतात, वाऱ्याने बट कपाळावर येते. यातलं बरंचसं कुणी सांगितलेलं नसतं. अ‍ॅनिमेशनमध्ये आपोआप काहीच होत नाही. सिनेमाच्या एका सेकंदात 24 फ्रेम जातात, आणि हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये सहसा एकेक चित्र दोन किंवा तीन फ्रेम पुरवतात. म्हणजे सेकंदाला आठ ते बारा चित्रं. चित्रातल्या मुलीने सुस्कारा टाकला, तर तो कुणीतरी टेबलावर वाकून, रेघ पुसून परत काढून तिला टाकायला लावलेला असतो. म्हणून कथानकाला जिची काही गरज नाही अशी एखादी बारीक हालचाल पडद्यावर दिसली की मी सावरून बसते. तिथे कुणाला तरी त्या पात्राची खरी ओळख झालेली असते, आणि ती आपल्यालाही व्हावी असं त्याला वाटलेलं असतं. लॉ कॉलेज रोडवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता. त्या प्रभातने 1930च्या दशकातच ‘जंबूकाका’ नावाचा चित्रांचा पट काढला होता. तेव्हा हे वेड पुण्यात काही परकं नाही.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ हा अ‍ॅनिमेशन सिनेमा 1988 सालचा. त्यातला टोटोरो हा गुबगुबीत रानजीव सगळ्यांना माहीत असतो, पिशव्यांवर आणि कपांवरही दिसतो. मी मात्र तो सिनेमा बघते थोरल्या बहिणीसाठी, सात्सुकीसाठी. आई दवाखान्यात, बाबा कामात, धाकटी मेई लहान. सकाळी सात्सुकी सगळ्यांचे डबे भरते. बाहेरून मैत्रीण हाका मारतेय, म्हणून स्वतःचा घास घाईघाईने गिळते आणि पळते. "किती समजूतदार पोर आहे" असं म्हणायला कुणी शेजारीण आणून उभी केलेली नाही. पुढे दवाखान्यात आई तिचे केस विंचरते. मेईला मधे घुसायचं असतं, सात्सुकी तिला थांबवते. तेवढा वेळ ती पोरगी नुसती लेक असते, घरातली कर्ती नसते. आणि मग निरोप येतो की आईची तब्येत बिघडलीय, या शनिवारी ती घरी येणार नाही. सात्सुकी आधी मेईवर ओरडते, आणि थोड्या वेळाने शेजारच्या आजीसमोर तोंड फाडून रडते. हातात कणीस धरून मेई ते बघत उभी राहते. कधी न रडणारी ताई रडताना पाहिल्यावर लहान मुलाच्या पोटात जो गोळा येतो, तो त्या उभं राहण्यात आहे. मग ती कणीस घेऊन एकटीच आईकडे निघते, आणि पुढचं सगळं त्यातून घडतं. मियाझाकींच्या लहानपणी त्यांची आई बरीच वर्षं क्षयाने आजारी होती. हे मला नंतर वाचनात आलं, पण त्या डब्यांवरूनच मला वाटलं होतं की असं घर कुणीतरी आतून पाहिलेलं आहे.

मालिकेचं बळ वेगळं असतं, तिच्याकडे सवड असते. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ 2005 ते 2008 मध्ये आली, एकूण 61 भाग. त्यातला झुको हा हद्दपार राजपुत्र, तेराव्या वर्षी सख्ख्या बापाने ज्याचा चेहरा भाजला. सोबतीला सख्खा चुलता, आयरो. दोन पर्वं आपण वाट बघतो, आता हा पोरगा सुधारेल, मग सुधारेल. 40व्या भागात ती वेळ येते आणि तो नेमका काकांना सोडून, बापाच्या पक्षातल्या बहिणीच्या बाजूने उभा राहतो. काका कैदेत जातात. मालिका लिहिणाऱ्यांच्या धीराला मी मनापासून मानते ते इथे. पश्चात्ताप लवकर उरकायचा मोह त्यांनी टाळला. तिसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे झुको काकांच्या तंबूबाहेर घुटमळतो, आत जातो, तर काका घोरत पडलेले. तो उठवत नाही. बसून राहतो, उजाडेपर्यंत. जागे झाल्यावर काका पाठ करून बसतात. झुको माफी मागू लागतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ते त्याला ओढून छातीशी धरतात. सगळे त्या मिठीची आठवण काढतात. मला त्याआधीची रात्र मोलाची वाटते, कारण हा मुलगा आयुष्यात पहिल्यांदाच कशाची तरी घाई न करता बसलेला असतो.

हल्ली खलनायकाचं दुःखी बालपण दाखवून त्याचा हिशेब चुकता करायची साथच आली आहे. ती मला पटत नाही. मियाझाकींच्याच ‘प्रिन्सेस मोनोनोके’ सिनेमातली एबोशी बघा. जंगल उजाड करते, जंगलाच्या देवावर बंदूक रोखते, आणि तीच बाई कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायकांना कामधंदा देते, कुष्ठरोग्यांच्या जखमा स्वतःच्या हाताने धुते. तिचं बालपण कसं गेलं हे सिनेमा सांगतच नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही.

आणि गेम. "त्यात गोष्ट कुठे असते, नुसती मारामारी" हे वाक्य मी फार ऐकते. फुमितो उएदा हे मूळचे अ‍ॅनिमेटर. त्यांचा ‘इको’ हा गेम 2001 साली आला. डोक्याला शिंगं आहेत म्हणून गावाने एका मुलाला ओसाड किल्ल्यात आणून कोंडलंय. तिथे त्याला एक मुलगी भेटते. तिची भाषा त्याला येत नाही, आपल्यालाही कळत नाही. तिला बरोबर न्यायचं तर हात धरावा लागतो, म्हणजे कंट्रोलरचं एक बटण दाबून ठेवावं लागतं. बोट उचललं की हात सुटतो. एवढंच. पण तासाभराने लक्षात येतं की जिथे गरज नाही तिथेही आपण ते बटण दाबून ठेवलंय. सावल्या येऊन तिला ओढून नेऊ लागतात तेव्हा धावतो तो पडद्यावरचा मुलगा, पण बोट पांढरं पडतं ते आपलं. अ‍ॅनिमेशनमध्ये पात्र कुणा दुसऱ्याच्या हातून घडतं. इथे ते काम माझ्या हाताकडे येतं, आणि मला विचारलं तर सगळा फरक यातच आहे.

त्यांच्याच ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’मध्ये हाच हात आपल्यावर उलटतो. मेलेल्या मुलीला परत आणायचं तर 16 महाकाय प्राणी मारायचे, अशी अट. त्यातले काही तर आपल्या वाटेलाही जात नाहीत. त्यांच्या केसांना लोंबकळत वर चढायचं, तलवार खुपसायची. धूड कोसळतं तेव्हा विजयाचे नगारे वाजत नाहीत, शोकाची सुरावट सुरू होते. दर खेपेला नायक अधिक फिकट, अधिक काळवंडलेला दिसू लागतो, त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. हीच गोष्ट सिनेमात पाहिली असती तर मी म्हटलं असतं, "काय करतोय हा मुलगा." इथे ते मी करत असते, आणि थांबत नाही. सोसायटीतला एक नववीतला मुलगा दुसऱ्या की तिसऱ्या प्राण्यानंतर कंट्रोलर खाली ठेवून म्हणाला, "काकू, याने आपलं काय बिघडवलं होतं?" मारामारी करता करता असा प्रश्न पडावा, याहून मोठी कामगिरी मी गोष्टीकडून मागत नाही.

म्हणूनच बटण दाबून तासन्‌तास नुसते संवाद बघायला लावणारे गेम, कितीही देखणे असोत, मला अर्धे वाटतात. महत्त्वाच्या क्षणी कंट्रोलर निरुपयोगी करायचा, तर मग तो हातात दिला कशाला?

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 साली आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. राजी ही कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवलंय. खांबांना गिरक्या घेत, भिंतींवरून धावत ती लढते, म्हणजे लढाईतही ती कसरतपटूच राहते. हे मला फार आवडलं. मधली कथा छायाबाहुल्यांच्या धाटणीने सांगितली आहे. शेवट मला अचानक तुटल्यासारखा वाटला, भाऊ-बहिणीला आणखी वेळ एकत्र बघायचं होतं. पण दुर्गेचं नाव घेणारी नायिका आपल्याच शहरात घडली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

सुरुवात कुठून करावी, असं तुमच्यापैकी ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: घरात लहान मूल असेल तर ‘टोटोरो’, आणि त्याच्या शेजारी बसून, मोबाईल बाजूला ठेवून. कॉलेजातलं असेल तर ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’, 2018 साली तो प्लेस्टेशन 4 साठी नव्याने केलेला आहे. फक्त मुलगा खेळतोय आणि तुम्ही मागे सोफ्यावरून बघताय, असं करू नका. कंट्रोलर स्वतः घ्या. पहिला प्राणी पाडायला नवख्या माणसाला बराच वेळ लागतो, आणि मुलं शिकवताना भलतीच चिडतात. चिडू द्यात.