३ मिनिटांचा व्हिडिओ आणि २३ दिवसांची वाट

मी एका सहकारी बँकेत आहे. नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा "तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं" एवढ्या भांडवलावर बाकी शाखांसाठी ट्रेनिंगचे व्हिडिओ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रेकॉर्डिंग जमायला एक दुपार पुरली. स्क्रीन रेकॉर्ड करणारं ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फक्त फाइल एमकेव्ही या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ठेवा. मध्येच लाइट गेली तर तोवरचं हाती राहतं, साध्या एमपी४ची फाइल बहुतेक उघडतच नाही. नंतर ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते.

पहिला व्हिडिओ मुदत ठेवीचा. साहेबांना दाखवला तर अर्ध्यातच म्हणाले, "हे आपल्या किराणावाल्याचं खातं ना?" खरंच की! नाव, मोबाइल, पॅन, शिल्लक, सगळं उघड्यावर. मग ब्लर करत बसलो. यादी वर सरकवली की ब्लरची पट्टी जागच्या जागी आणि नाव तिच्याखालून बाहेर. तेही निस्तरलं, तर पावतीच्या प्रिंटमध्ये वारसदाराचं नाव ठसठशीत. नाद सोडला आणि हेड ऑफिसच्या ईडीपीकडे, म्हणजे कॉम्प्युटर विभागाकडे, डेमो लॉगिन मागितलं, ज्यात खरे ग्राहक नसतात.

इथून माझी साडेसाती सुरू झाली. ईमेल चालत नाही, फॉर्म भरा. फॉर्मवर शाखाधिकाऱ्यांची सही-शिक्का. "कारण" या रकान्यात "प्रशिक्षण व्हिडिओ" लिहिलं म्हणून फॉर्म परत, कारण ते त्यांच्या यादीत नाही. "इतर" लिहा म्हणे. लिहिलं. ११व्या दिवशी लॉगिन आलं.

आत ग्राहक एकच, नाव "टेस्ट टेस्ट", जन्मतारीख १ जानेवारी १९००. ठेव टाकली, तर सॉफ्टवेअरने बिनबोभाट ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर लावला. जन्मतारीख बदलायचा अधिकार या लॉगिनला नाही. बरं, राहू दे म्हटलं. पुढे एंट्री पासिंगला, म्हणजे अधिकाऱ्याच्या मंजुरीला, जाऊन अडकली. आपली एंट्री आपणच पास करायची नाही, हा नियम योग्यच आहे. पण मग पास करणारा अधिकारी कुठाय? फोन केला.

"दोन्ही लॉगिन एकदमच का नाही दिलीत?"

"तुम्ही एकच मागितलं होतंत."

पुन्हा फॉर्म, पुन्हा शिक्का, आणखी १२ दिवस. तुम्ही मागणार असाल तर पहिल्याच फॉर्मवर दोन लॉगिन लिहा, क्लार्कचं आणि अधिकाऱ्याचं. आणि पासवर्डची मुदत विचारून घ्या.

दुसरं लॉगिन आलं त्या रात्री सात व्हिडिओ एका बैठकीत केले. एक काम, एक व्हिडिओ, फार तर ३ मिनिटं. मेनू बदलला तर तेवढाच पुन्हा करता येतो. हो, एक राहिलंच. डिस्प्लेचं स्केलिंग १५० टक्के करून, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून, मगच रेकॉर्ड करा, लोक मोबाइलवरच बघतात. आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं धुरकट होतात. नोटिफिकेशन बंद ठेवा हे मला बायकोच्या "कोथिंबीर आणा"ने शिकवलं.

परवा एका शाखेतून फोन आला. "सर, तुमच्या व्हिडिओत व्याज जास्त दिसतंय, आमच्याकडे कमी का येतंय?"