आमची वाटचाल : ताडपत्रीपासून ड्रोनच्या पॅराशूटपर्यंत

माझ्या सासऱ्यांनी भोसरीत ताडपत्री शिवायचं दुकान टाकलं तेव्हा त्यांच्याकडे दोन मशीनं होती. ट्रकची कव्हरं, मंडपाचे पडदे, पावसाळ्याच्या तोंडावर कांद्याच्या ढिगांवर टाकायच्या ताडपत्र्या, एवढ्यावर घर उभं राहिलं. मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच वर्षी मशीनवर बसले. आज त्याच गाळ्यात आम्ही ड्रोनला बसवायची पॅराशूटं बनवतो.

सुरुवात एका लग्नात झाली. २०१९ चा मे महिना, चाकणजवळचं कार्यालय. मंगलाष्टका चालू असताना वर फिरणारा ड्रोन एकदम गप्प झाला आणि दगडासारखा खाली आला. पडला तो प्लास्टिकच्या खुर्चीवर. खुर्चीची बैठक आरपार फुटली. माझ्या मामेसासूबाई मिनिटभरापूर्वीच अक्षता टाकायला त्या खुर्चीवरून उठल्या होत्या. पाच मिनिटांत सगळे पुन्हा फोटोत हसत उभे राहिले, माझं लक्ष मात्र त्या खुर्चीवरून हलेना.

रात्री माझ्या दिरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. २२ डिसेंबर २०१५, इटलीत मॅडोना दी कँपिल्यो इथली स्कीइंगची शर्यत. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून येतोय आणि चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या पाठीमागे, अगदी थोडक्यात चुकून, बर्फावर आपटतो. भाऊजी इलेक्ट्रॉनिक्सचं शिकलेले, एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं काम करायचे. म्हणाले, "वहिनी, परदेशात याला पॅराशूट लावतात." मी म्हटलं, "मग कापडाचं काम तर आपलंच आहे."

कापडाचं काम आपलं आहे, हे अर्धंच खरं निघालं. ताडपत्रीला जाड सुई, जाड दोरा आणि लांब टाका लागतो. पॅराशूटचं रिपस्टॉप नायलॉन, म्हणजे फाट पसरू नये म्हणून मध्ये मध्ये जाड धागा विणलेलं कापड, चौरस मीटरला चाळीसएक ग्रॅमचं, हातातून निसटणारं. जाड सुईने त्याला भोकं पडतात आणि झटका बसला की कापड त्याच भोकांच्या रेषेत फाटतं. आमच्या गाळ्यात शिवणाऱ्या बायकांना पॅराशूटची आकृती समजावताना मी फार बोलले नाही. कळ्यांचा परकर शिवतो तशा कळ्या कापायच्या, दुमडून दुहेरी शिवण घालायची आणि प्रत्येक शिवणीच्या टोकाला दोरी नागमोडी टाक्याने धरायची, एवढंच सांगितलं. त्या लगेच कामाला लागल्या. आमच्या धंद्याचं भांडवल काय, असं कोणी विचारलं तर मी आजही या बायकांचे हात दाखवते.

पहिली छत्री आम्ही वाळूच्या पोत्याला बांधून चार मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडली. पोतं जमिनीवर आपटलं आणि मग छत्री त्याच्यावर हळूच पसरली. दुसरी तशीच, तिसरीही. शिवण पक्की होती, घडी चुकत होती; उंचीही अपुरी होती, ते पुढे कळलं. कामशेतला पॅराग्लायडिंग चालतं, तिथे राखीव पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या एका गृहस्थांकडे मी आठ रविवार गेले. त्यांनी पहिल्या दिवशी घडी शिकवलीच नाही. छत्री दोरीवर टांगून नुसती वारा खात ठेवायला लावली. दमट कापड स्वतःलाच चिकटतं आणि उघडायला वेळ घेतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये याला किती किंमत आहे, ते नंतर कळलं. आजही आम्ही गाळ्यातली एक खोली बंद, कोरडी ठेवतो आणि घड्या तिथेच घालतो. उन्हाचंही तसंच. नायलॉन उन्हात ठेवलं की वरून दिसत नाही, पण आतून दुबळं होत जातं.

मग भाऊजींचा भाग आला. छत्री कधी उघडायची, हे ठरवणं छत्री शिवण्याहून अवघड आहे. पहिल्या वर्षी आम्ही वीज ड्रोनच्याच बॅटरीतून घेतली होती. बॅटरीच बंद पडून ड्रोन पडला तेव्हा आमचा डबाही, म्हणजे छत्री आणि ती उघडणारी यंत्रणा ज्यात असते तो, तिच्यासोबत मेला. तेव्हापासून डब्याला स्वतःची बॅटरी, हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा स्वतःचा दाबमापक आणि हालचाल ओळखणारा स्वतःचा सेन्सर असतो. ड्रोनच्या मेंदूवर आम्ही कशासाठीही विसंबत नाही. दुसरी चूक याहून वाईट होती. छत्री उघडली, पण पंखे फिरतच राहिले. दोऱ्या पात्यांभोवती गुंडाळल्या आणि सगळं एकाच गाठोड्यात खाली आलं. आता आधी मोटारी बंद होतात, मग स्प्रिंग सुटते, आणि त्याच क्षणी भोंगा वाजू लागतो. तिसऱ्यांदा उलटं झालं. चालकाने ड्रोन झपकन खाली आणला, आमच्या डब्याला तो पडतोय असं वाटलं आणि उसाच्या फडावर धडधाकट ड्रोनची छत्री उघडली. फडात शिरून तो शोधायला दोन तास लागले. अंगभर कापलं होतं. भाऊजी त्या रात्री झोपले नाहीत, सगळ्या उड्डाणांच्या नोंदी काढून बसले.

बारूद वापरून छत्री उडवली तर ती फार लवकर उघडते, हे आम्हाला माहीत होतं. पण मग स्फोटकांचे परवाने, साठवण, कुरिअर हे सगळं मागे लागतं. आमच्याएवढ्या गाळ्याला ते झेपणारं नव्हतं. स्प्रिंगवर थांबलो आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

चार किलोचा ड्रोन ६० मीटरवरून सुटला, तर हवेचा अडथळा सोडून हिशेब केल्यास साडेतीन सेकंदांत ताशी सुमारे १२३ किलोमीटरने जमिनीवर येतो. त्याच्यात तेव्हा सुमारे २,३५० ज्यूल ऊर्जा असते. पावणेदोन मीटर व्यासाची छत्री नीट उघडली, तर वेग ताशी १६ किलोमीटरवर येतो आणि ऊर्जा ४० ज्यूलवर. जमिनीवर यायला दहा-अकरा सेकंद मिळतात, आणि भोंगा ऐकून वर बघायला, पोराला बाजूला ओढायला तेवढे पुरतात. पण तेवढ्या वेळात सेकंदाला ६ मीटरचा वारा त्याला साठ-पासष्ट मीटर वाहूनही नेतो. म्हणून खालचा भाग मोकळा ठेवा, हे आम्ही छत्री विकतानाही सांगतो.

नियमांचं बोलायचं तर लोकांच्या डोक्यावरून उडवण्याचा सर्वात सविस्तर विचार मी अमेरिकेच्या नियमांत वाचला. तो नियम एप्रिल २०२१ पासून लागू आहे. माणसाला लागणारा धक्का कडक वस्तूच्या ११ फूट-पाउंडांच्या, म्हणजे सुमारे १५ ज्यूलच्या, धक्क्याहून जास्त इजा करणारा नसावा, हा एक वर्ग. २५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ३४ ज्यूल, हा त्याच्या वरचा, आणि त्या वर्गाला उघड्यावर जमलेल्या गर्दीवरून उडायला मनाई आहे. कातडी कापतील अशी उघडी पातीही दोन्हींत चालत नाहीत. म्हणजे नुसतं पॅराशूट लावून भागत नाही. पॅराशूटसाठी तिकडे एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ३३२२ हे मानक २०१८ मध्ये आलं. त्यात छत्री ४५ वेळा उघडून दाखवावी लागते : तरंगताना, पूर्ण वेगात, आपोआप, बटण दाबून. आणि हे प्रत्येक ड्रोनच्या मॉडेलसाठी वेगळं. एका ड्रोनवर पास झालेली छत्री दुसऱ्यावर बसवली की पाटी पुन्हा कोरी.

आम्ही त्या यादीप्रमाणे चाचण्या आमच्याच खर्चाने, एका मित्राच्या माळरानावर करतो. बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र अजून आमच्याकडे नाही. म्हणून आमच्या डब्यावर ‘प्रमाणित’ हा शब्द नाही. तो छापा, माल दुप्पट खपेल, असं दोघा-तिघांनी सांगितलं. नाही छापला.

डब्यावर लाल अक्षरात छापलं आहे ते ‘२५ मीटर’. आमच्या मधल्या मापाच्या छत्रीला पूर्ण उघडायला तेवढी उंची लागते. त्याखाली ती असून नसल्यासारखी. ज्या लग्नामुळे मी या धंद्यात आले, तिथला ड्रोन दहा-बारा मीटरवर होता. लग्नाचं शूटिंग करणारी मुलं आजही डबा मागायला येतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. त्यांना मी पात्यांभोवतीच्या जाळ्या घ्यायला सांगते, वऱ्हाडाच्या डोक्यावरून नको, बाजूने उडवा म्हणते. आमचे ग्राहक म्हणजे गावठाणांची, रस्त्यांची मोजणी करणारे आणि बंदोबस्तावर नजर ठेवणारे चालक. २०२० मध्ये गावठाणातल्या घरांची मोजणी करून मालकीचे कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि देशभरातल्या गावठाणांवरून ड्रोन फिरू लागले. खाली अंगणं, गोठे, वाळवणं आणि माणसं. ज्यांच्यासाठी आम्ही शिवतो ती हीच. त्यांनी आमचं नावही ऐकलेलं नसतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात एका ग्राहकाचा फोन आला. मोजणीच्या ड्रोनची एक मोटार हवेत जळाली होती. छत्री उघडली आणि ड्रोन एका कौलारू घरावर उतरला. मी आणि भाऊजी तासाभरात निघालो. घरच्या आजी ओसरीवर बसल्या होत्या. दोन कौलं फुटली होती. छत्री त्यांनी धुणं घडी घालतात तशी चौकोनी घडी घालून मांडीवर ठेवली होती. म्हणाल्या, "बाई, भोंगा वाजला म्हणून नातवाला आत घेतला. कापड बघून घे, फाटलं नाही ना." कौलांचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, ते त्यांच्या सुनेच्या हातात दिले.

गाळ्यात आणून छत्री टेबलावर पसरली. एका दोरीच्या मुळाशी नागमोडी शिवणीचे तीन टाके सुटले होते. प्रत्येक छत्रीसोबतच्या चिठ्ठीवर घडी घालणारीची आणि शिवणारीची सही असते, शिवणारीची सही माझी होती. त्याच आठवड्यात आम्ही त्या जागेची शिवण एक सेंटिमीटरने वाढवली आणि आधी विकलेले सगळे डबे परत मागवून घेतले.